धुराच्या खिडकीचा मुहूर्त

आमच्या नकाशांच्या ऑफिसात दसऱ्याला शस्त्रपूजा होते. शस्त्रं म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मोजमापाचा टेप. त्या दिवशी शस्त्रांना हात लावायचा नाही एवढाच नियम पाळला गेला असता, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

ऑफिस सरांचं, मावला गावात, त्यांच्याच घराच्या माडीवर. त्या वर्षी सरांनी नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली आणि तिचा शुभारंभ दसऱ्याला करायचं ठरवलं. फ्लेक्स छापला. त्यावर सरांचा फोटो कॉम्प्युटरच्या फोटोपेक्षा बराच मोठा होता.

आमची दुसरी शाखा उटनूरला होती. शाखा म्हणजे एक खोली, एक जुना कॉम्प्युटर आणि त्यावर काम करणारी एक बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि कामात माझ्यापेक्षा चोख. मी तिला ताई म्हणतो, ती मला दादा. तिच्या कॉम्प्युटरला नवी आवृत्ती झेपत नव्हती. दोन्हीकडची लायब्ररी मात्र एकच होती. लायब्ररी म्हणजे तयार दारं, खिडक्या, मोऱ्या यांच्या फायलींचं सामाईक फोल्डर. हवी ती वस्तू उचलून नकाशात बसवायची. मावल्याला काही बदललं की उटनूरला आपोआप बदलतं. या सोयीचं सर पाहुण्यांसमोर फार कौतुक करत.

हे सॉफ्टवेअर पुढे जातं, मागे येत नाही. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. म्हणून मी एक कागद मॉनिटरला चिकटवला होता: लायब्ररीला नव्या आवृत्तीत हात लावू नये. पूजेला हार घालताना तो आड आला, म्हणून काढून ठेवला गेला.

त्याच सुमारास ताईनं एक खिडकी तयार केली होती. उटनूरजवळच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर बांधायचं होतं. चुली लाकडाच्या. ताईची आई अशाच एका वसतिगृहात वर्षानुवर्षं स्वयंपाक करायची आणि आता तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. छपराच्या अगदी खाली, तिरप्या पट्ट्यांची, धूर बाहेर सोडणारी आणि पाऊस आत न घेणारी ती खिडकी करायला ताईला आठवडा लागला. नियमाप्रमाणे तिनं ती लायब्ररीत ठेवली. दसऱ्यानंतर मी तपासायची आणि मग तिनं नकाशात चुलींच्या वर ओळीनं तीन ठिकाणी बसवायची, असं ठरलं होतं. दसऱ्याला ती दरवर्षीप्रमाणे घरच्यांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर गेली होती.

इकडे मुहूर्ताची वेळ झाली. सरांनी नवी आवृत्ती उघडली, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसानं, जो शाल मिळाल्यामुळे उत्साहात होता, सगळं फोल्डर एका दमात नव्या आवृत्तीत नेणारं बटण दाखवलं.

"एकही फाइल मुहूर्ताबिगर राहू नये," सर म्हणाले, आणि कुंकवाच्या बोटानं दाबलं.

राखीव प्रत एका वेगळ्या हार्डडिस्कवर असे. तीही पाटावर होती, डोक्यावर झेंडूचं फूल.

"हिलाच काऊन बाजूला ठेवता?" सर म्हणाले, आणि तिचाही मुहूर्त झाला.

मी तिथंच उभा होतो. हातात पेढ्यांचं ताट होतं. हे कारण पुरेसं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ताईचा फोन आला.

"दादा, एकबी फाइल उघडून नाही राह्यली. तुमी काय केलं तिकडं?"

"पूजा."

"लायब्ररीची?"

"लायब्ररीची. राखीव प्रतीचीसुद्धा."

"अन् माझी खिडकी?"

वसतिगृहाचा नकाशा दोन दिवसांत द्यायचा होता, कागदावर आणि फाइलमध्येही. वसतिगृह बांधणाऱ्या सरकारी खात्याचा कॉम्प्युटरही ताईच्या कॉम्प्युटरइतकाच जुना, त्यामुळे मी इथून नव्या आवृत्तीत काढून देणंही शक्य नव्हतं. पहिला दिवस शालवाल्याला फोन करण्यात गेला. तो म्हणाला, मागे जायची गरजच काय. सर म्हणाले, उटनूरच्या कॉम्प्युटरचं पुढच्या दसऱ्याला पाहू.

दुसऱ्या दिवशी मी बसनं उटनूरला गेलो. बाकीची दारं-खिडक्या तिच्या नकाशात आधीच बसलेली होती, राहिली होती ती धुराची खिडकी. ताईच्या वहीत तिची मापं होती, पण ती नव्यानं घडवायला वेळ नव्हता.

"साध्या रेघांनी काढ," मी म्हणालो. "कागदावर सारखंच दिसतं."

"कागदावर," ती म्हणाली. पण काढली. दुपारी नकाशा खात्यात गेला, मंजूरही झाला. येताना बसमध्ये मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून निसटली होती. नकाशाच्या कोपऱ्यात दारं-खिडक्यांचा तक्ता, म्हणजे टेबल, असतो; कंत्राटदार तो पाहूनच दारं-खिडक्या ठेवतो. तो सॉफ्टवेअर स्वतः भरतं, आणि लायब्ररीतून उचलून बसवलेल्या वस्तूच त्यात धरतं. रेघांना ते खिडकी मानत नाही.

भिंती छपरापर्यंत आल्यावर आम्ही दोघं पाहणीला गेलो. चुलींच्या वरची भिंत सलग होती. तिच्यावर ताजं प्लास्टर होतं, आणि ते चांगलं झालं होतं.

"इथल्या खिडक्या?" मी कंत्राटदाराला विचारलं.

"टेबल में तो हैच नहीं, सर."

"नकाशात रेघा आहेत की."

"रेघा तो बहुत रहते," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं.

मी ताईकडे पाहिलं नाही. "माझ्यामुळं झालं," असं म्हणायला तोंड उघडलं, पण ती तोवर गवंड्याच्या शिडीवर चढली होती. तिनं टेप लावला, वही उघडली आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्यानं एक चौकट ओढली. मग हातभर सरकून दुसरी.

"मॅडम, ये क्या?" कंत्राटदार खालून म्हणाला.

"तोडायचं," ती वरूनच म्हणाली. "दादा, तिसरीचं माप सांगा. अन् जोरानं सांगा, यावेळी चुकलं नाही पाहिजे."

मी वही घेतली आणि वाचायला लागलो.