उष्ट्या पानांवरचा हक्क

तुमचं उष्टं पान उचलणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्हाला आठवतो का? जेवण आठवत असेल. कोळंबू, म्हणजे इकडची आमटी, पातळ होतं की दाट, तेही आठवत असेल. मी चेहऱ्याबद्दल विचारतो आहे.

मला तो चार महिने आठवत नव्हता, आणि मी तर पत्रकांवर वाढलेला माणूस. सोलापूरला गिरणीच्या चाळीत आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेली पत्रकं वडील घरी आणत. आई त्यांवर पापड वाळत घाली आणि दोन पापडांच्या मधल्या जागेतून मी वाचायला शिकलो. आठ तासांचा दिवस, माणसाने माणसाची घाण उचलू नये, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

तारखात्यात लागलो तेव्हा नेमणूक मद्रासला झाली. पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये खोली मिळाली. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची चार मजली इमारत. एका खोलीत तिघे, आणि तिघांचे लंगोट एकाच दोरीवर. खालची खानावळ नऊला बंद होई. हे शहर नऊला जेवतं आणि दहाला दिवे मालवतं. अकरा वाजता रस्त्यावर भुकेला दिसणारा माणूस इथे चोर तरी असतो, नाहीतर सरकारी नोकर.

पहिले सहा आठवडे मी रात्री केळी आणि बनपाव खाऊन काढले. स्टेशनवरच्या उपाहारगृहात भात मिळे, पण तो सकाळचा, कडा वाळलेला. समुद्रावरच्या सुंडलच्या, म्हणजे उकडलेल्या चण्यांच्या, गाड्या मी पोचेपर्यंत निघून गेलेल्या असत. एका मुसलमान खानावळीत एक वाजेपर्यंत परोटा आणि मटणाचा रस्सा मिळे. रस्सा उत्तम होता, पण आठवड्यातून दोनदाच सोसे. तिसऱ्यांदा खाल्ला की दुसऱ्या दिवशी तारेच्या यंत्रापेक्षा माझं पोट जास्त वाजे.

खात्यात एक वयस्क सहकारी होते. तंजावरकडचे मराठी, पाच पिढ्या तिकडेच गेलेल्या. वेस्ट मांबलमहून सायकलने येत. त्यांची मराठी ऐकली की वाटे, कुणी जुनी सनद वाचतो आहे आणि मधूनच तमिळमध्ये खोकतो आहे. माझी मराठी त्यांना उद्धट वाटे. माझी उपासमार पाहून त्यांनी एका रात्री सायकल हातात धरून मला माउंट रोडच्या मागच्या गल्लीत नेलं. छापखाने जागे असतात तिथे चूल जागी असते, असं ते म्हणाले.

ते खरं होतं. वर्तमानपत्रांच्या छापखान्यांतली माणसं अकराला पहिला मजकूर उरकून जेवायला येत, म्हणून त्या हॉटेलात अकराला ताज्या भाताचं पातेलं उतरे. लांब खोली, संगमरवरी टेबलं, केळीची पानं. सकाळचं चिंचेचं कोळंबू रात्रीपर्यंत आटून असं दाट झालेलं असे की ते वाढपी पळीने न ओतता डावाने लावत. त्यावर तिळाचं तेल, भाजलेला अप्पळम म्हणजे पापड, शेवटी गार ताकभात आणि आवळ्याचं लोणचं. सोलापूर सोडल्यावर माझं पोट पहिल्यांदा भरलं ते तिथे.

पानं एक म्हातारी उचले. वाढपी उष्ट्याला हात लावत नसत. लावला तर त्यांच्या हातचं कुणी जेवलं नसतं. मुदलाळी, म्हणजे हॉटेलचा मालक, गल्ल्यावर बसून दातांत काडी घालत असे आणि गिऱ्हाईक उठलं की म्हातारीकडे न बघता ओरडे, "पाटी, इलै." पाटी म्हणजे आजी, इलै म्हणजे पान. ती कमरेतून वाकलेली होती, त्यामुळे टेबलं तिच्या हनुवटीशी येत. पान गोळा करताना तिचा हात आधी येई आणि मग डोकं. छापखान्यातले लोक तिला वाफेचं इंजिन म्हणत. कुणी शिट्टी वाजवी. कुणी मुद्दाम पानात पाणी ओतून ठेवी, म्हणजे ते तिच्या लुगड्यावर सांडावं. मी चार महिने कोळंबू खात होतो.

मग एका रात्री एका जाड गृहस्थाने पान उलट्या बाजूला दुमडलं आणि त्यातलं सगळं ताक तिच्या मानेवरून आत गेलं. तो हसला. मुदलाळी तिच्यावरच खेकसला. मी उठलो, माझं पान स्वतः उचललं, मागच्या पिंपात टाकलं आणि परत येऊन त्या गृहस्थालाही त्याचं पान उचलायला लावलं. कसं, ते सांगण्यात मजा आहे, पण ती मी घेणार नाही. माझा आवाज मोठा आहे एवढंच सांगतो.

त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. ज्याने खाल्लं त्याने उचलावं, हा त्याचा मथळा. तमिळमध्ये करून द्या म्हणून तंजावरी सहकाऱ्यांना विचारलं. त्यांनी वाचलं, घडी करून परत दिलं आणि आपल्याला डोळ्यांचा त्रास आहे म्हणून सांगितलं. छापखान्यातल्या एका तरुण जुळाऱ्याला मात्र ते फार आवडलं. त्याने तमिळ केलं, रात्रपाळीत खिळे जुळवले आणि रद्दीच्या कागदावर शंभर प्रती काढल्या. आम्ही त्या टेबलाटेबलावर ठेवल्या. लोक आधी हसले, मग लाजले, मग उचलू लागले. तीन आठवड्यांत त्या हॉटेलात पान टेबलावर सोडणं म्हणजे भर रस्त्यात धोतर सोडण्यासारखं झालं.

म्हातारी पिंपाजवळ उभी राहू लागली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातलं पान घ्यायला ती हात पुढे करी. लोक तिला चुकवून पान पिंपात टाकत आणि माझ्याकडे बघत. एकदा तिने माझ्या पानाचं दुसरं टोक धरलं आणि सोडेचना.

"दे तंबी," ती म्हणाली. "माझं आहे ते."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला भरून आलं. गुलामी अंगवळणी पडली की माणसाला तीच आपली इस्टेट वाटते, असं मी किती वेळा वाचलं होतं, आणि आता ते डोळ्यांपुढे उभं होतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या मोडक्या तमिळमध्ये, तिला समजावलं की हे उष्टं आहे, हे तुझं नाही, तू माणूस आहेस. लोकांनी टेबलं वाजवली. ती खाली बघत राहिली. तिच्या हातात पानाचा एक फाटका तुकडा उरला होता, तो तिने कमरेला खोचला.

पुढच्या आठवड्यात ती दिसली नाही. भिंतीवर रंगवलेली नवी पाटी दिसली. माझंच वाक्य होतं, तमिळमध्ये, खाली हॉटेलचं नाव. मुदलाळीने मला न मागता तूप वाढायला सांगितलं.

त्या रात्री सायकल हातात धरून बरोबर चालणाऱ्या तंजावरी सहकाऱ्यांना मी म्हणालो की बघा, तीन आठवडे लागले. एका बाईच्या डोक्यावरचं उष्ट्याचं ओझं खाली उतरलं.

त्यांनी सायकल थांबवली. मग म्हणाले, "मग ती म्हैस आता काय खाईल, ते पण छापलां काय की?"

मी विचारलं, कुठली म्हैस.

मग त्यांनी सांगितलं, सावकाश, जणू तार वाचून दाखवत होते. मुदलाळी म्हातारीला पगार देत नव्हता. बारा वर्षं दिला नव्हता. ती पानं उचलायची, त्या बदल्यात पानं तिची. हॉटेल बंद झालं की ती टोपली डोक्यावर घेऊन तिरुवल्लिकेणीला जाई, माझ्याच मॅन्शनच्या मागच्या गल्लीत. तिथे तिची म्हैस होती. पानं, पानांतला भात, रसम, भाजीची देठं, सगळं म्हशीला. म्हशीचं दूध चार घरी. त्यावर ती जगत होती. आता पानं गिऱ्हाइकंच पिंपात आणून टाकतात, म्हणजे ती उचलायला माणूस नको. म्हणून मुदलाळीने पिंप एका गवळ्याला लावून दिलं. तो बदल्यात दही देतो.

तुम्हाला हे ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, असं मी ओरडून विचारलं.

"तुम्ही विचारलां नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगत होतां."

सायकलवर बसून ते निघून गेले.

सकाळी मी मागच्या गल्लीत गेलो. सहा महिने त्या गल्लीवर माझी खिडकी होती आणि शेणाचा वास येतो म्हणून मी ती बंद ठेवत होतो. म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या. म्हातारी गोवऱ्या थापत होती. शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. म्हातारी मान न वळवता तिला म्हणाली, हाच तो. त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तांदळातला खडा पाहावा तसं.

मी माफी मागितली. मला तमिळमध्ये माफी मागता येत होती, पण का मागतो आहे ते नीट सांगता येत नव्हतं. म्हातारीने शेणाचा हात भिंतीवर आपटला आणि म्हणाली, "तुझा कागद आणला आहेस का? म्हशीपुढे बस आणि तिला वाचून दाखव. ती पण माणूस होऊ दे."

शेजारीण हसली. मी दुसऱ्या दिवशी गवताची पेंढी घेऊन गेलो. म्हशीने ती हुंगली आणि तोंड फिरवलं. बारा वर्षं कोळंबूभात खाल्लेली म्हैस होती ती. म्हातारीने पेंढी उचलून माझ्या हातात परत दिली.

गेल्या महिन्यात एन्नोरकडचा, खाटकांना गुरं पुरवणारा एक दलाल आला. त्याने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, मांडी चाचपली आणि पोंगल होऊन जाऊ दे म्हणाला. पोंगलच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी इथे गुरांना ओवाळतात, शिंगं रंगवतात, गळ्यात हार घालतात. तोवर जनावर न्यायचं नाही एवढी त्याची श्रद्धा आहे. हार सुकले की तो येईल.

मी मुदलाळीकडे गेलो आणि तिला परत घ्या म्हणून विनवलं. त्याने काडी दातातून काढली. भिंतीवरच्या पाटीमुळे गिऱ्हाईक वाढलं आहे, म्हणाला. लोक मित्रांना दाखवायला आणतात, तुमचेच आभार. मी हटलो नाही, तेव्हा त्याने व्यवहार सांगितला. पानं टेबलावर पडून राहिली तर माझे वाढपी त्यांना शिवणार नाहीत, मला माणूस ठेवावं लागेल, आणि पगार न मागणारं माणूस या गल्लीत एकच आहे. "लोकांना उठवलंत ना तुम्ही? आता बसवा."

त्याच रात्री मी जेवलो, पान दुमडलं, टेबलावर ठेवलं आणि उठलो. दारापर्यंत पोचलो नाही तोच सगळे माझ्या टेबलाकडे बघू लागले. तो तरुण जुळारी उठला. माझ्या टेबलापाशी गेला, माझं पान दोन्ही हातांनी उचललं, सगळ्यांना दिसेल असं धरून पिंपापर्यंत नेलं. परत येताना माझ्याजवळ थांबला.

"अण्णा, दुसऱ्यांना शिकवायचं आणि स्वतः राजासारखं उठायचं?"

मी त्याला म्हशीचं सांगू लागलो. त्याने मान हलवली. म्हशीच्या पोटासाठी म्हातारीने जन्मभर उष्ट्यात हात घालायचे का, असं त्याने विचारलं. माझ्याच आवाजात विचारलं. टेबलं वाजली. तो बरोबर बोलत होता, आणि गल्लीत म्हैस उपाशी होती.

त्यानंतर रोज मी पान सोडतो आणि रोज कुणीतरी ते उचलतं. काहीजण तर माझ्या शेजारचं टेबल त्यासाठीच धरतात. मी एकटा आहे. मुदलाळी गल्ल्यावरून बघतो आणि तूप आता पाठवत नाही. एका पानाने त्याला माणूस ठेवावं लागणार नाही. तीसचाळीस पडली तर लागेल.

पानं तिला मिळाली म्हणजे न्याय झाला असं मी म्हणत नाही. पगार न देणारा मुदलाळी तसाच राहील, शिट्टी वाजवणारे तसेच राहतील. तो झगडा मी सोडलेला नाही. पण तो तिच्या म्हशीच्या जिवावर लढायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता, आणि मी तिला विचारलंही नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत मद्रासचे थोडे असतील. त्यांतले रात्रपाळीवाले, रेल्वेतले, बँकेतले, आवडी गावच्या कारखान्यांतले, भुकेले फिरणारे मला पुरेत. माउंट रोडच्या मागे छापखान्यांच्या गल्लीत या. पाटीवरून हॉटेल ओळखाल. जेवण उत्तम आहे, पोटभर जेवा. मग पान दुमडा, टेबलावर ठेवा आणि उठा. कुणी ते उचलायला आलं तर त्याचा हात धरा, आणि मुदलाळीला मोठ्याने सांगा की म्हातारीला, त्या पाटीला, परत बोलवा. हे पोंगलच्या आधी करा.