बारशाआधीचा फोटो

माझ्या मुलीच्या जन्माचा एकही फोटो नाही. नवरा गेल्यानंतर त्याच्या फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेत होते, तेव्हा मुलगी शेजारी बसून पाहत होती. एका फोटोत माझं डोहाळजेवण, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. लगेच पुढच्या फोटोत ती स्वतः, बारशाच्या दिवशी पाळण्यात.

"मधले कुठे?" तिने विचारलं. तिच्या वर्गमैत्रिणीकडे जन्माचा अख्खा व्हिडिओ आहे, तिच्या डॅडींनी काढलेला. "बाबा वॉज नॉट देअर, इज इट?"

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

बाळंतपणासाठी माझी आई पुण्याहून सिंगापूरला, आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटवर आली होती. आल्या आल्या तिने बजावलं, "जावईबापू, बारशापर्यंत फोटो नकोत हं. दृष्ट लागते."

"आई, तुमच्या लेकीचा तशा अवस्थेत फोटो काढला, तर ती मला घरात घेईल का?"

"घेईन," मी म्हटलं. "तू काढच. त्या वेळी मला काही दिसणार नाही, नंतर तरी बघेन."

आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्याने फोन मात्र चार्ज करून ठेवला.

हॉस्पिटलात नर्सने बांगड्या उतरवायला सांगितल्या. हात सुजले होते. एक काही केल्या निघेना. नर्सने तिच्यावर पट्टी चिकटवली. कळा वाढल्या तेव्हा त्याने फोन हातात घेतला होता. मी ओरडले, त्याने तो बाजूला ठेवला आणि माझं मनगट घट्ट धरलं. पट्टीखाली बांगडी फुटली. काच त्याच्या तळहातात गेली, पण त्याने हात सोडला नाही. मुलगी रडल्यावर नर्सला चादरीवर रक्त दिसलं. ते माझं नव्हतं. त्याला टाके घालावे लागले. फोन तिथेच पडून होता.

फोटो काढावेत की नाही, याबद्दल माझं आजही ठाम मत नाही. एखादा असता तर मुलीला दाखवून मोकळी झाले असते. पण त्या फोटोत तो दिसला नसताच. काढणारा कधी दिसत नाही. मग तिने पुन्हा तेच विचारलं असतं.

हे सगळं मी तिला सांगितलं, बांगडीसकट.

"बाबांच्या हातावरची ती रेघ? ती तर ड्युरियन फोडताना त्याचा काटा लागून झालेली."

"असं तो तुला सांगायचा."

"सो ही लाइड, लाह."

"हो."

तिने स्वतःचा डावा तळहात उघडला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. "इथे ना?"

"थोडं खाली."

तिने बोट खाली सरकवलं.