मास्तरांच्या टाकीतला दोरा

माझ्या घराच्या बरोबर खाली एक शिंपी नवरा-बायको राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. त्यांना सगळे मास्तर म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मास्तरीण. मास्तरांनी पंचेचाळीस वर्षं कपडे शिवले. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि तो लक्षात यायच्या आधी त्यांनी एका गृहस्थांच्या पँटचा डावा पाय खालून शिवून बंद केला. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी आधी पाय घालून पाहिला आणि मगच तक्रार केली. त्या दिवशी मास्तरणीने मशीन आपल्याकडे घेतलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मास्तरांना पहिल्यांदा स्वच्छ दिसली ती नर्सबाईंच्या टेबलावरची काचेची टाकी. त्यात हिरवं शेवाळ होतं आणि शेवाळावर इंचभर लांबीच्या लालचुटूक कोळंब्या चरत होत्या. एकीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस होता आणि ती त्याला पायांनी वारा घालत होती. मास्तर तिथून उठेनात. शेवटी नर्सबाईंनी त्यांना त्यातल्या दहा कोळंब्या देण्याचं कबूल केलं, पण एका अटीवर. "टाकीत पाणी भरून सहा आठवडे नुसतं ठेवायचं. त्याआधी मी एकही देणार नाही. कच्च्या पाण्यात मरतात बिचाऱ्या."

घरी येऊन मास्तरांनी टाकीचा बेत आखला, तो खाकी कागदावर, खडूने, सदऱ्यासारखा. पुढा, पाठ, दोन बाजू. हवेची नळी जिथून आत जायची तिथे लिहिलं होतं 'गळा'. मापाच्या वहीत नवीन पान उघडलं. गिऱ्हाईक : कोळंबी. उंची एक इंच. छाती घेता आली नाही. बाह्या दहा.

"खायच्या आहेत का?" मास्तरणीने विचारलं.

"वाढवायच्या आहेत. दहाच्या शंभर होतात."

"आणि शंभर झाल्यावर खायच्या?"

मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भांडण झालं ते शंभरांपैकी किती पिल्लं मेहुण्याला द्यायची यावरून. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. टाकीचा अजून पत्ता नव्हता.

टाकी आली अठरा तारखेला. माझ्या डायरीत नोंद आहे. मी आठवीपासून रोज डायरी लिहिते. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, तारीख खोटी असेल तर पान खोटं. कपाटाशेजारच्या कोनाड्यात टाकी बसवायची होती. कोनाडा चोवीस इंच. टाकी भरली सव्वीस.

काचवाला म्हणाला, "तुम्हीच कागद दिलात. सव्वीस."

मास्तर कागदाकडे बघत राहिले. कोनाड्याचं माप त्यांनी बरोबर घेतलं होतं. पण कागदावर उतरवताना हाताने सवयीने दोन्ही बाजूंना एकेक इंच शिलाईसाठी सोडला होता.

"मग आता काय," मास्तरीण म्हणाली, "उरलेली काच आत दुमडा आणि हातशिलाई घाला."

टाकी आठवडाभर जिन्याखाली पडून राहिली, कारण तिला मावेल अशी एकच जागा होती : कापड बेतायच्या टेबलाचं डावं टोक. ते टेबल म्हणजे मास्तरणीचं राज्य. सात दिवस वाटाघाटी चालल्या. मी वर बसून सगळं ऐकत होते. ऐकू येतं त्याला मी काय करणार? शेवटी मास्तरीण म्हणाली, "येत्या नाही, त्याच्या पुढच्या पहिल्या तारखेला हॉटेलच्या पडद्यांचं काम येतंय. मला अख्खं टेबल लागेल. तोवर ठेवा. पहिल्या तारखेला त्यात काही जिवंत दिसलं, तर राहील टाकी. नाहीतर टाकी काचवाल्याकडे आणि तुम्ही माझ्या भावाकडे, एक महिना. रिकामा न्हावी परवडला, तो निदान भिंतीला तुंबड्या लावतो. हे माझ्या डोक्याला लावतात!"

मास्तरांना मेहुण्याकडे जायचं नव्हतं. मेहुणा दिवसभर रेडिओ लावतो आणि त्याच्याहून मोठ्याने बोलतो.

पंचवीस तारखेला पाणी भरलं. बादल्यांतून एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी, बारीक वाळू, हवेची नळी आणि टोकाला स्पंज. नर्सबाई म्हणाल्या होत्या की तांबं पाण्यात गेलं तर कोळंबी मरते, म्हणून मास्तरांनी बायकोचं पितळी अंगुस्तानसुद्धा खिडकीबाहेर ठेवलं. पितळेत तांबं असतं म्हणे. ती बोटाला चिंधी बांधून शिवत बसली. सत्तावीस तारखेला नर्सबाईंनी त्यांच्या टाकीतल्या शेवाळाचा एक गोळा पाठवला. मास्तरांनी तो दगडाला दोऱ्याने बांधला. निळ्या दोऱ्याने, कारण त्या महिन्यात घरात दुसरा दोराच नव्हता. एका शाळेच्या गणवेशांचं काम चालू होतं आणि खोलीभर सगळं निळं झालं होतं.

मग मास्तर टाकीसमोर स्टूल टाकून बसले. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसे, फक्त तेलाऐवजी औषधाचे थेंब. रोज दुपारी मी खाली गेले की ते मला पाणी दाखवायचे.

"काय दिसतंय, वहिनी?"

"पाणी."

"पण कसं छान पाणी!"

चार तारखेला खालून आरडाओरडा ऐकू आला. टाकीत दोऱ्याचा तुकडा पडला होता.

"अगं, किती वेळा सांगितलं, तिकडे तोंड करून दोरा तोडू नकोस!"

"मी कात्रीने तोडते. दातांनी तोडायचात तुम्ही!"

मी चष्मा लावून पाहिलं, मास्तरणीनेही पाहिलं. आम्हाला काही दिसलं नाही. मास्तर चिमटा घेऊन तासभर पाण्यात हात घालून होते. दोरा हाती लागला नाही. बारा तारखेला म्हणाले, तीन दोरे आहेत. वीसला म्हणाले, सात, आणि लाल.

मास्तरीण मला जिन्यात भेटली. "डोळा सुधारला हो, पण डोकं बिघडलं. सुतावरून स्वर्ग गाठणारे ऐकले होते. हे बसल्या जागी सूत गाठतात!"

एकोणतीस तारखेला मास्तर स्वतः जिना चढून माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, उद्या नर्सबाई येणार. सहा आठवडे झाले का विचारतील. मी सांगितलंय, वहिनींच्या डायरीत सगळं आहे."

"आहे की. पाणी पंचवीसला भरलं. उद्या पाच आठवडे होतात."

"टाकी अठराला आली. तिथून मोजलं तर बरोब्बर सहा."

"तेव्हा ती जिन्याखाली कोरडी होती, मास्तर."

"एक आठवडा सैल करा ना. आपण कापड आत सोडतो ते कशासाठी? वेळ आली की उसवता यावं म्हणून."

ते गेल्यावर मी डायरी उघडली आणि पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. पंचवीसच्या पानावर 'पाणी भरलं' असं ठळक लिहिलेलं होतं. पेनाला टोपण लावलं.

तीस तारखेला नर्सबाई आल्या. हातात झाकणाची बरणी होती, तीत दहा कोळंब्या होत्या. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"पाणी कधी भरलं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरणीनेही पाहिलं.

"पंचवीस तारखेला," मी म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला.

"म्हणजे पाच आठवडे. मास्तर, ठरलं होतं ना आपलं?" नर्सबाईंनी बरणी पिशवीत ठेवली. "पुढच्या आठवड्यात आणते."

"पुढच्या आठवड्यात टाकी नसेल," मास्तर म्हणाले, "मी पण नसेन."

"अहो, असं काय बोलता!" नर्सबाई घाबरल्या.

"मेहुण्याकडे असेन."

मला इतकं वाईट वाटलं की मी डायरीच त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बाकीचं वाचून तरी पाहा, माणूस किती मन लावून बसला होता. त्या उभ्या-उभ्या वाचू लागल्या. "सत्तावीस, शेवाळ बांधलं. चार, मास्तरांच्या मते पाण्यात दोऱ्याचा तुकडा. बारा, तीन दोरे, चिमट्यात येत नाहीत, जवळ गेलं की मागे सरकतात. वीस, सात दोरे, लाल." त्या थांबल्या. "लाल दोरा कोण वापरतं घरात?"

"महिनाभर निळाच चाललाय," मास्तरीण म्हणाली. "लाल रीळ उघडलंच नाही मी."

नर्सबाईंनी डायरी टेबलावर ठेवली, गुडघे टेकले आणि नाक काचेला लावलं.

"सात नाहीत. अकरा आहेत. तो बघा, स्पंजवर बसून खातोय तुमचा दोरा."

आता मलाही दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, लालसर आणि पायांचं. नर्सबाईंच्या शेवाळात नुकती जन्मलेली पिल्लं लपून आली होती, डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक. फक्त मास्तरांना दिसली. पण पंचेचाळीस वर्षं ज्याने कपड्यावरचे दोरे वेचले, त्याला बारीक आणि लांबट जे दिसेल तो दोराच.

"आणि मी यांना चिमट्याने..." मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"एक तरी सापडला का?"

"नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोरा हातातून निसटला."

"मग शाबास त्यांची," म्हणत नर्सबाईंनी पुन्हा बरणी काढली. "पाणी चांगलं झालं की नाही हे मी कोण ठरवणार? यांनी ठरवलंय."

मास्तरीण काचेजवळ वाकून एकेक पिल्लू मोजत होती. अकरा झाली. पुन्हा मोजली. शब्द दिला होता, तोही माझ्यादेखत. ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुमचं जेवणाचं टेबल किती लांब आहे हो?"

तर हॉटेलचे पडदे महिनाभर माझ्याकडे बेतले गेले आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर ताट घेऊन जेवले. खरं बोलल्याबद्दल काही बक्षीस मिळतं असं सिस्टरही कधी म्हणाल्या नव्हत्या. खाली आता झाडूला बंदी आहे. जमिनीवरचा प्रत्येक दोरा मास्तर आधी उलटा करून बघतात, मग केरात टाकू देतात.

मागच्या आठवड्यात एका कोळंबीच्या पोटाखाली अंडी दिसली. बाळंतिणीला उजेड नको, म्हणून मास्तरांनी उरलेल्या पडद्याच्या कापडाचा एक छोटा पडदा बेतला. मास्तरणीने शिवायला घेतला, तर दोन इंच मोठा निघाला. या वेळी ती काही बोलली नाही. कापड होतं, तिने आत दुमडलं.