शेवटची ओव्हर

पाहुणे आले की टीव्ही बंद, हा आमच्या आईचा नियम. धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा सामना ऐन रंगात होता. आईने रिमोट उचलला, तसे मुलाचे वडील संकोचून म्हणाले, "राहू द्या ना, शेवटची ओव्हर आहे."

पोह्यांच्या बश्या हातातच राहिल्या. साडी सावरत बहीण आतून धावत आली आणि तिने थेट मुलालाच विचारलं, "किती हव्यात?"

"दोन चेंडूंत पाच," म्हणत त्याने सरकून तिला जागा दिली.

चौकार, मग एक धाव! मुलाच्या आईने माझ्या आईला मिठीच मारली. समोरासमोर बसून जे जमत नाही, ते एकाच दिशेला तोंड करून बसल्यावर सहज जमतं. सामना संपला, तरी ती दोघं बोलतच राहिली.