बोलक्या लेण्याची फरशी

तासगावच्या अंगाला एक भुंडा डोंगर आहे, त्याच्या पोटात एक लेणं. ना मूर्ती, ना नक्षी. म्हणून देवदर्शनाची माणसं तिकडे फिरकत नसत. पण औंधच्या संग्रहालयातली चित्रं बघून आलेला एखादा चौकस मास्तर, कधी गळ्यात फोटोची पेटी अडकवलेला साहेब, विचारत विचारत वर चढायचा. तिथे आकाराम गुरव भेटायचा. खांद्यावर घोंगडी, हातात पलिता.

आकाराम पाहुण्याला काळोखात नेई, एका गुळगुळीत फरशीवर उभा करी आणि म्हणे, "द्या हाक." डोंगर ती हाक तीनदा परत करी, दर वेळी जरा अधिक खोलातून. फरशीवरून बाजूला सरकलं की आवाज विरून जाई. कसलेल्या नटाच्या पायांना रंगमंचावरची आपली जागा अंधारातही कळते, तशी ती फरशी आकारामच्या पायांना ठाऊक होती. पाहुणा दचकला की आकारामची कळी खुले.

मग लढाई आली. घरोघरचे पोरगे पलटणीत गेले. त्रेचाळीस साली मनुबाई नावाची बाई वर येऊन नवऱ्याला हाक देऊन गेली, आणि थोड्याच दिवसांत त्याचं कार्ड आलं. एवढं पुरलं. ज्याची हाक परत येते तो जिवंत, असं गावोगाव झालं. घरात जे नाव ओठांवर आणायचं नाही, ते बायका त्या काळोखात घसा फोडून घेऊ लागल्या. आकाराम प्रत्येकीला फरशीवरच उभी करी. रडत चढलेली बाई हसत उतरते, यात वाईट काय, असं त्याला वाटे.

पलटणीतल्या नवऱ्याला आधी एकदा हाक देऊन गेलेली अंजना पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा आली. सोबत सासरा, हंबीरराव. सुनेला सावलीत बसवून म्हातारा आकारामला बाजूला घेऊन गेला.

"गुरवा, कृष्णाताची तार आली. बर्मात पडला माझा ल्योक. पर ही मानत न्हाई. लेण्यानं हाक परत दिली, म्हंजी हायेत, म्हणती. दिवस घालू देत न्हाई. त्येची आई हातरुणाला खिळलीया. लेकाला पानी सोडल्याबिगर तिचा जीव सुटायचा न्हाई."

"मग म्या काय करू, आबा?"

"तूच चढवलंस हिला. आता तूच उतरव."

आकारामने तिला आत नेलं. या वेळी फरशीच्या अलीकडे, ओल्या भिंतीपाशी उभं केलं.

"कृष्णात!" अंजनाने हाक दिली. काहीच नाही. "कृष्णाऽत!" भिंतीवरून पाणी ठिबकत राहिलं.

ती वळली. "आवं मामा, मागच्या खेपंला म्या हितं न्हवती हुबी."

"हितंच व्हतीस, पोरी."

"न्हाई. तवा पायाखाली गुळगुळीत लागत हुतं." तिने अनवाणी पाऊल चाचपत पुढे नेलं आणि फरशी शोधली.

आता ही तोंड उघडणार, डोंगर ओ देणार, आणि ही जन्मभर वाट बघणार. आकारामला ते दिसलं.

"थांब," तो म्हणाला. "त्याला नगं. तुझ्या दुसऱ्या कुना मेलेल्या मानसाला हाक मार."

"का?"

"मार तर."

अंजनाची आई ती लहान असतानाच पटकीत गेली होती. "आये!" ती म्हणाली. डोंगराने तिच्या आईला तीनदा परत पाठवलं.

ती आकारामकडे वळली. "समद्यांस्नीच हितं हुबं करता व्हय?"

"व्हय."

"मनुबाईलाबी?"

"तिलाबी."

अंजना खाली बसली आणि दोन्ही हात फरशीवर आपटले. बांगड्यांची काच फुटल्याचा आवाजही डोंगराने परत दिला. बाहेर हंबीररावाने तो ऐकला आणि डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आकाराम कडब्याच्या पेंढ्या घेऊन वर गेला. आतली पोकळी ठासून भरायची, आवाजच मारून टाकायचा. पहिली पेंढी लावताना त्याचा हात थांबला. उद्या ज्यांचे नवरे जिवंत आहेत त्या येतील, हाक देतील, परत काही येणार नाही, आणि त्याही फरशीवर हात आपटतील.

पेंढ्या तिथेच टाकून तो खाली आला आणि वाटेच्या तोंडाशी आडवा बसला. मग त्याने कुणालाच वर सोडलं नाही. बायका विनवायच्या, "येकच हाक देऊ द्या की वं मामा." मग शिव्या द्यायच्या. तो खाली मान घालून ऐकून घेई, पण उठत नसे.