पोत्याखालचं यंत्र

ऊस तोडायच्या आधी शेतातल्या ठिबकच्या नळ्या काढून गुंडाळाव्या लागतात. खाली पडलेल्या वाळक्या पाल्यात, पाचटात नळी अडकते आणि जोर लावला की तुटते. कळंबला वेल्डिंगचं दुकान असलेल्या माझ्या मेहुण्याने यावर हाताने फिरवायचं एक यंत्र केलं. सायकलची रिम आणि तिच्या मध्ये स्कूटरच्या जुन्या क्लचप्लेटा. नळी अडकली की प्लेटा सरकतात, रिम थांबते, नळी वाचते. पहिला नमुना उचलवेना. दुसऱ्यात प्लेटा सरकेनात. तिसरा जमला. मी अर्धा एकर हाताने आणि अर्धा यंत्राने काढून पाहिला. हाताने नळी नऊ ठिकाणी तुटली, यंत्राने एकाच.

अवजारं बनवणारा एक कारखानदार ते घ्यायला तयार होता, पण पेटंटचा अर्ज झाल्याशिवाय बोलणार नव्हता. मेहुण्याला दुकान सोडून हेच करायचं होतं. म्हणून आम्ही बारामतीला पेटंटची कामं करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. असं यंत्र आधी कुणी केलंय का, हे त्या अर्जापूर्वी शोधून देतात.

"बाहेर कुणाला दाखवलंय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय मॅडम. घरातल्याच माणसांनी बघितलंय," मेहुणा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बोलावलं. सापडलेल्या यंत्रांना मोटर होती किंवा ती ट्रॅक्टरला जोडायची होती. सरकणाऱ्या प्लेटा कशातच नव्हत्या. मेहुणा खूश झाला. मग बाईंनी यूट्यूबवरचा एक व्हिडिओ लावला.

झेंडूची माळ घातलेलं आमचंच यंत्र. खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते, तेव्हा विळे-कोयत्यांच्या रांगेत तेही मांडलं होतं. माझे सासरे, तात्या, नारळ फोडून एकेक प्लेट काढून दाखवत होते. तो व्हिडिओ त्यांनी ऊसवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून कुणीतरी यूट्यूबवर चढवला.

"दाजी, हे तर आपलंच हाय," मेहुणा मला म्हणाला.

"तुमचंच आहे," बाई म्हणाल्या, "पण अर्जाआधी सगळ्यांनी पाहिलं. आता पेटंट ऑफिस ते नवीन धरणार नाही. व्हिडिओत नाही असं काही केलंत, तर त्याचा अर्ज करता येईल."

घरी तात्यांना सांगितलं.

"मग काय पूजा झाकून करायची?"

"तात्या, तुमी बोल्टाचं मापसुदिक सांगितलंय," मेहुणा म्हणाला.

"लोकांनी इचारलं. इचारल्यावर गप बसू?"

मेहुणा पुन्हा कामाला लागला. नळी रिमवर एकाच जागी ढीग होऊन बसायची. ती सारखी पसरवत नेणारा एक सरकता हात त्याने बसवला. बाईंनी तेवढ्याचाच शोध घेतला, तसं काही सापडलं नाही. अर्ज होईल, पण फक्त त्या हाताचा.

प्लेटा गेल्या त्या गेल्याच. पणदऱ्यात एकाने व्हिडिओ बघून यंत्र केलंय. मी जाऊन पाहिलं आणि मेहुण्याला सांगितलं.

"नळी तुटती का?"

"नाही."

"मग बराबर केलंय त्यानं."

यंदा खंडेनवमी आली तेव्हा अर्जाचे कागद बाईंकडेच होते. यंत्र पूजेला मांडायचंच, असं तात्यांनी ठरवलं होतं. त्यांनी त्यावर खताचं रिकामं पोतं टाकलं आणि हळदकुंकू पोत्यावरच वाहिलं. शेजारी बघायला आले. एकाने पोत्याचं टोक धरलं, तेव्हा तात्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"अर्ज झाल्यावर या," ते म्हणाले.