बाडीतलं घमेलं

आमच्या गावात कुत्र्यासाठी कोणी वेगळं रांधत नाही. उरलेला भात, त्यावर वरणाचं पाणी, झालं. मलाच शहाणपण सुचलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, कुत्र्याला कच्चंच द्या, शिजवलेलं त्याचं अन्नच नव्हे. मग काय, कोंबडीवाल्याकडून रोज पाय, मुंडकी, काळजाचे तुकडे आणायला लागलो. घरात घाण नको म्हणून संध्याकाळी घरामागच्या बाडीत, घमेल्यात टाकायचो. बाडीला लागून धुरा, म्हणजे शेताचा बांध, पुढे धानाच्या बांध्या, खाचरंच खाचरं, आणि मग सरळ नागझिऱ्याचं जंगल.

"कायले कच्चं टाकता जी?" बायको म्हणाली. "वास कुठवर जाते, मालूम आहे का?"

"तू तुझं पाहा," मी म्हणालो. माझ्या तोंडाला लगाम कधी नव्हताच.

महिनाभरात आमचा कुत्रा असा चकाकला की शेजारी विचारायला लागले, काय चारता? मी गावभर फुशारक्या मारल्या. मग एकाएकी दिवस मावळला की तो बाडीत पाय टाकेना. ओसरीवर माझ्या खाटेखाली शिरायचा, कान पाडून. सकाळी मात्र घमेलं चाटूनपुसून साफ. मी म्हटलं, लबाड आहे लेकाचा, आपली पाठ वळली की खाऊन येतो.

पण तो वाळत चालला होता. फासळ्या मोजून घ्याव्यात असा. मला ते दिसत होतं, तरी मी विश्वास ठेवला तो घमेल्यावर.

एका सकाळी घमेलं पार धुऱ्यावर पडलेलं सापडलं. बायको ते हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हे कुत्र्यानं नाही नेलं. तो भेऊन राहिला जी. त्याले घरातच राहू द्या."

मी म्हणालो, मुंगूस असेल, रानमांजर असेल. खरं सांगतो, माझं मलाच ते पटलं नव्हतं. पण गावभर मिरवलेला माणूस बायकोसमोर माघार कशी घेणार? आग लागो त्या ऐटीला.

त्याच संध्याकाळी मी कुत्र्याला साखळीनं ओढत बाडीत नेलं. चारही पाय रोवले त्यानं. आंब्याच्या बुंध्याला बांधलं, घमेलं पुढे सरकवलं. "खा, नाही तर बस उपाशी. लाड पुरे झाले." आणि आत येऊन जेवायला बसलो.

सकाळी साखळी होती आणि तुटलेला पट्टा. धानातून काहीतरी ओढत नेल्याची वाट पडली होती. वनरक्षक आला, चिखलातले ठसे वाकून पाहिले. "बिबट आहे. बऱ्याच दिवसांपासून येऊन राहिला इथं." वहीत लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "कुत्रा भुंकला नाही का जी?"

बायको माझ्याकडे पाहत होती.

भुंकला होता. आम्ही जेवत होतो तेव्हा सारखा, जीव तोडून भुंकत होता. मी ताटावरूनच ओरडलो होतो, "चूप बस रे!"

माझं तो नेहमी ऐकायचा. चूप बसला.